प्रिस्क्रिप्शन लिहिण्याआधी

सगळ्यात आधी पेशंटच्या चालू गोळ्या बघून घ्या, आणि तोंडी यादीवर विसंबू नका. पिशवीच टेबलावर रिकामी करायला सांगा. ‘बाकी काही घेत नाही’ म्हणणाऱ्याच्या पिशवीतून डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाची अर्धी स्ट्रिप निघते. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल आणि जोडीला लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर ही तिसरी गोळी मूत्रपिंडाला भोवू शकते. मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिन या रक्ततपासणीचा रिपोर्ट कधीचा आहे तेही तपासा. ‘पेनिसिलीन चालत नाही’ असं कळलं, तर तेव्हा नेमकं काय झालं होतं ते खोदून विचारा. नुसती मळमळ झाली होती, की अंगावर गांधी उठून श्वास कोंडला होता? मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट हे फिट्सवरचं औषध लिहिण्यापूर्वी गर्भारपणाचा विषय काढायलाच हवा. आईने गर्भारपणात ते घेतलं असेल, तर सुमारे 10 टक्के बाळांमध्ये मोठं जन्मजात व्यंग आढळतं.

मग औषधाबद्दलचा इशारा नीट वाचा. धोका ‘दुप्पट’ असं लिहिलं असेल, तर मुळात किती होता ते शोधा. 1995 साली ब्रिटनमध्ये काही गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो असा इशारा निघाला. मूळ धोका साधारण 7000 बायकांत एकीचा होता, तो दोघींचा झाला. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या, नको असलेली गर्भारपणं आणि गर्भपात वाढले. आणि गुठळीचा धोका तर गर्भारपणात त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो.

म्हणून औषध न दिल्यास काय होईल, हेही प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर लिहा. माझ्या मते हीच नोंद सर्वांत जास्त वेळा राहून जाते, कारण न दिलेल्या औषधाचा दुष्परिणाम कुणी नोंदवत नाही. नैराश्यावरच्या गोळ्यांवर तरुणांमधल्या आत्महत्येच्या विचारांबाबत ठळक इशारा असतो, पण उपचार न झालेलं नैराश्यही जीव घेतं. तिथे गोळी टाळण्यापेक्षा सुरुवातीच्या आठवड्यांत पेशंटला लवकर परत बोलवा, आणि बेचैनी वाढली तर लगेच फोन करायला घरच्यांना सांगून ठेवा.

शेवटी, लिहिलेलं एकदा पेशंटकडून वदवून घ्या. आमवातासारख्या सांध्यांच्या आजारासाठी मेथोट्रेक्सेट देताना तर नक्कीच. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. ‘आठवड्यातून एकदा’ एवढंच न लिहिता वार लिहा: ‘फक्त सोमवारी’. त्याच्या जोडीला दिल्या जाणाऱ्या फॉलिक ॲसिडला वेगळा वार द्या, आणि पुढच्या रक्ततपासणीची तारीखही त्याच कागदावर टाका.