अल्ट्रावाइड मॉनिटर घेताना आधी कार्ड बघा, इंच नंतर

आंब्याचा हंगाम आटोपून हातात चार पैसे आले की मला फोन यायला लागतात. ‘चौतीस इंची अल्ट्रावाइड बघून ठेवलाय, घेऊ का?’ माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: ग्राफिक्स कार्ड कोणतं? आणि समोरचा गप्प होतो. गेमचं चित्र कॉम्प्युटरमधलं हे कार्डच तयार करतं, आणि अल्ट्रावाइड म्हणजे नेहमीपेक्षा जास्त रुंद पडद्याचा मॉनिटर.

कुडाळ-सावंतवाडीकडच्या मित्रांना, भाच्यांना असे बरेच मॉनिटर मी निवडून दिलेत, जाऊन बसवूनही दिलेत. संध्याकाळी कामावरून आल्यावर तासभर गेममध्ये ट्रक चालवायचा, गाड्यांची शर्यत लावायची, रविवारी एखादा मोठा गेम पुढे न्यायचा, एवढंच खेळणाऱ्यांसाठी हे लिहितोय. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी नेहमीच्या १६:९ आकाराचा (रुंदी १६ तर उंची ९) वेगवान मॉनिटर घ्यावा.

तुमचे गेम तपासा. युरो ट्रक सिम्युलेटर २ आणि फोर्झा होरायझन ५ हे अल्ट्रावाइडचा २१:९ चा पूर्ण पडदा वापरतात. एल्डन रिंग मात्र दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवतो, व्हॅलोरंटलाही ही जादा रुंदी चालत नाही. प्लेस्टेशन ५ जोडायचा असेल तर अल्ट्रावाइडचा विचारच सोडा, तो २१:९ चं चित्र देत नाही.

टेबल मोजा. ३४ इंची पडदा साधारण ८० सेंटीमीटर रुंद असतो आणि त्याची उंची २७ इंची साध्या मॉनिटरइतकी. २९ इंचीची उंची २३ इंचीएवढीच भरते.

आता पिक्सेल, म्हणजे चित्र ज्यांनी बनतं ते ठिपके. पैसे वाया जातात ते इथेच. जाहिरातीत इंच ठळक असतात आणि रिझोल्यूशन, म्हणजे आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या, बारीक अक्षरात. खरेदी त्या बारीक अक्षरांवरून करायची. आपल्या खिशाला परवडणाऱ्या मॉनिटरांत मुख्यतः दोन आकडे दिसतात, २५६०×१०८० आणि ३४४०×१४४०. गुणाकार करून बघा. फुल एचडी (१९२०×१०८०) पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात. पहिल्या प्रकारात २७,६४,८००, म्हणजे एक तृतीयांश जास्त. दुसऱ्यात ४९,५३,६००, म्हणजे फुल एचडीच्या सुमारे २.४ पट. सेकंदाला साठ फ्रेम (चित्रं) हव्या असतील तर कार्डाला हा सगळा पसारा सेकंदाला साठ वेळा रंगवावा लागतो.

मी हा हिशेब न करता पहिला अल्ट्रावाइड घेतला. घरी जीटीएक्स १६५० हे साधं कार्ड होतं, फुल एचडीवर सगळं मजेत चालायचं. ३४४०×१४४० चा पडदा लावला आणि शर्यतीत वळणावळणाला चित्र अडखळायला लागलं. स्टिअरिंग वळवावं आणि रस्ता मागाहून यावा, असं. मग रिझोल्यूशन २५६०×१०८० वर उतरवलं. गेम पळायला लागला, पण पावसात काचेला वाफ धरते तसं चित्र. वेगाचे आकडे, रस्त्याकडेच्या पाट्या, सगळ्याच्या कडा पुसट. कारण साधं आहे: पडद्याचे ठिपके कायमचे ठरलेले असतात. ३४४० ठिपक्यांच्या ओळीत २५६० ठिपक्यांचं चित्र पूर्ण पटीत बसत नाही, म्हणून शेजारशेजारचे रंग मिसळून जागा भरावी लागते.

म्हणून ‘मोठा घ्या, रिझोल्यूशन कमी करून खेळा’ हा सल्ला कुणी दिला की मला राग येतो. एवढे पैसे मोजून पुसट चित्र बघायचं कशाला? गेममध्ये एफएसआर किंवा डीएलएसएसची (कमी ठिपक्यांचं चित्र हुशारीने मोठं करण्याची) सोय असेल तर गोष्ट वेगळी, तिथे चित्र बऱ्यापैकी रेखीव राहतं. पण ती सोय प्रत्येक गेममध्ये नसते, आणि डीएलएसएसला एनव्हिडियाच्या आरटीएक्स मालिकेचंच कार्ड लागतं.

उलटी चूक माझ्या मावसभावाची. त्याने कार्डाला झेपावा म्हणून २५६०×१०८० घेतला, पण ३४ इंची. एका इंचात जेमतेम ८२ ठिपके येतात. गेम ठीक चालतो, पण दुकानाचा हिशेब उघडला की अक्षरांच्या पायऱ्या दिसतात. तेच रिझोल्यूशन २९ इंचावर घेतलं तर इंचाला ९६ ठिपके पडतात आणि नजरेला खुपत नाही. तेव्हा २५६०×१०८० घ्यायचा तर २९ इंची आणि ३४ इंची घ्यायचा तर ३४४०×१४४०. यात मी तडजोड करू देत नाही.

कार्डाला कोणता झेपेल हे घरबसल्या, एक पैसा न घालवता कळतं. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये थ्रीडी सेटिंग्जखाली डीएसआर फॅक्टर्समध्ये २.२५ ला खूण करा. मग तुमच्या जुन्या फुल एचडी मॉनिटरवरच गेममध्ये २८८०×१६२० हा पर्याय दिसेल. कार्ड एवढं मोठं चित्र रंगवतं आणि मग ते पडद्यापुरतं लहान करतं. ते होतात ४६,६५,६०० पिक्सेल, ३४४०×१४४० पेक्षा जेमतेम सहा टक्के कमी. एएमडीचं कार्ड असेल तर व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन चालू करून ३२००×१८०० वर बघा. तो भार जास्तच आहे, तिथे चाललं तर चिंता नको. तुमचा सगळ्यात जड गेम अर्धा तास असा खेळा. अडखळला तर २९ इंची घ्या किंवा आधी कार्ड बदला.

पॅनेल, म्हणजे पडद्याचा प्रकार; व्हीए आणि आयपीएस हे त्यातले दोन. व्हीएमध्ये काळा रंग खरा काळा दिसतो, पण स्वस्त व्हीएवर रात्रीच्या दृश्यात हलत्या वस्तूमागे काळपट ओघळ राहतो. मला तो सहन होत नाही, मी आयपीएस सुचवतो. दिवे मालवून भुताखेताचे गेम खेळणाऱ्याने खुशाल व्हीए घ्यावा. वक्राकार पडद्याचा १५००आर म्हणजे दीड मीटर त्रिज्या; आकडा लहान तेवढा बाक जास्त. ३४ इंचाला थोडा बाक बरा, २९ ला नसला तरी चालतो.

केबल. ३४४०×१४४० ला डिस्प्लेपोर्टच लावा. जुन्या एचडीएमआय १.४ ने तिथे ६० हर्ट्झही (सेकंदाला ६० चित्रं) धड मिळत नाही.

जागा आणि वीज. पडवीत किंवा समुद्राकडच्या खिडकीशी ठेवू नका. खारा वारा पोर्टच्या पत्र्याला खातो आणि दुपारच्या उजेडात पडदा दिसत नाही. माजघरातली आतली भिंत उत्तम. पावसाळ्यात रोज थोडा वेळ चालू ठेवा. यूपीएस घ्याच, अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या आणि वळवाचे ढग गडगडायला लागले की प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

खोका आला की फोडतानाचा व्हिडिओ काढा. घाट उतरून आलेल्या खोक्याचा कोपरा चेपलेला असला तर आतल्या पडद्याची खात्री नाही. मग पूर्ण काळं, पांढरं, लाल, हिरवं, निळं चित्र लावून मेलेला पिक्सेल शोधा, परत करायची मुदत संपायच्या आत. शेवटी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं जाऊन हर्ट्झ वाढवा. गेल्या गणपतीत एका मित्राकडे आरतीला गेलो होतो, तेव्हा त्याचा १०० हर्ट्झचा मॉनिटर वर्षभर ६० वर चाललेला दिसला.