विदर्भातल्या खेड्यात घर: बदलीवर येणाऱ्या मंडळींसाठी

सांगली जिल्ह्यातून शिक्षक म्हणून मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आलो, इथेच घर बांधले आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिलो. पश्चिम महाराष्ट्रातून, कोकणातून, खानदेशातून शिक्षक, परिचारिका, बँकेचे कर्मचारी असे नवे लोक दरवर्षी या भागात येतात आणि घराच्या बाबतीत आधीच्यांनी जिथे ठेच खाल्ली तिथेच पुन्हा ठेच खातात. ते पाहवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

उन्हामुळे विदर्भातल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात आणि नवीन माणसे बहुधा त्याच सुमारास घर शोधू लागतात. तेव्हा पहिला पाऊस होऊन गेलेला असतो, शेतात कपाशीची टोबणी (बी टोचून पेरणी) चाललेली असते, हवेत गारवा असतो आणि दाखवलेले कोणतेही घर पसंत पडते. घराची खरी परीक्षा मे महिन्यात होते. अकोला, वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरी या भागांत पारा 45 अंशांच्या वर जातो, दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्र उलटली तरी खोलीत उष्णता सोडत राहतो आणि पश्चिमेच्या भिंतीला हात लावून ठेवता येत नाही. म्हणून एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा भाड्याच्या घरात काढल्याशिवाय कोणालाही इसार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जागा हातची जाईल, भाव वाढेल, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. खेड्यात जागा इतक्या घाईने कुठेही जात नाहीत.

भाड्याचे घर मिळायला इथे अडचण पडत नाही. गुरुजी किंवा सिस्टरबाई गावात राहणार म्हटले की लोक आपली सपरी (ओसरी) आणि बाजूची खोलीसुद्धा मोकळी करून देतात. भाडे विचारले तर पुष्कळदा उत्तर मिळते, "राहा जी मास्तर, पैशाचं पाहू मंग." हे मनापासूनचे असते, त्यात कसलाही डाव नसतो, पण म्हणूनच भाडे, विजेचे मीटर कोणाच्या नावे व बिल कोणी भरायचे, विहिरीचे किंवा बोअरचे पाणी किती वेळ मिळणार आणि कोणती खोली घरमालक स्वतःकडे ठेवणार, हे पहिल्याच दिवशी ठरवून लिहून घ्यावे, म्हणजे पुढे दोघांचेही मन दुखावत नाही. तालुक्याच्या ठिकाणी राहणार असाल तर लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणीकृतच करावा.

कापसाच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट विचारणे अत्यंत आवश्यक आहे आणि ती कोणीही आपणहून सांगत नाही. दिवाळीनंतर वेचणीचा कापूस घरी येतो आणि भाव वाढण्याची वाट पाहत शेतकरी तो महिनोन्महिने घरातच रचून ठेवतात, प्रसंगी तुमच्या शेजारच्या खोलीत छतापर्यंत. त्या कापसातल्या बारीक किड्यांमुळे घरातल्या सगळ्यांना अंगभर खाज सुटते, लहान मुलांचे तर फार हाल होतात, शिवाय विजेची जुनी वायर जवळ असेल तर आगीचीही भीती असते. मालकाला दोष देण्याचे कारण नाही, कारण त्याचे वर्षभराचे उत्पन्न त्या ढिगात असते. पण आपली झोपण्याची खोली त्या भिंतीला लागून नसेल एवढे पाहून घ्यावे.

आपल्याकडून आलेले पुष्कळ लोक जिल्ह्याच्या ठिकाणी खोली घेऊन रोज अप-डाऊन करतात आणि विदर्भातली नेमणूक म्हणजे शिक्षा, अशा भावनेने दिवस मोजतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी अडचणी असतात हे मान्य आहे, तरीही हे वागणे मला पटलेले नाही. गावात राहणाऱ्या माणसाला घराविषयीची खरी माहिती आपोआप मिळते: कोणत्या गल्लीत पावसाळ्यात पाणी शिरते, कोणत्या जागेवर भावाभावांचा वाद आहे, कोणती बोअर मार्चमध्ये आटते. संध्याकाळच्या बसने निघून जाणाऱ्याला यातले काही कळत नाही.

पाण्याची चौकशी जिल्हा पाहून करावी. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथले भूजल खारट असते आणि त्या पाण्याने केलेल्या बांधकामाच्या भिंतींना लोणा लागतो, आतल्या सळ्या गंजतात. तिथे बांधकामासाठीसुद्धा गोडे पाणी आणावे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही गावांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे, तेव्हा बोअरच्या पाण्याची तपासणी केल्याशिवाय ते पिण्यासाठी वापरू नये.

आता घराविषयी. जुन्या मातीच्या जाड भिंती आणि वर कवेलू म्हणजे कौले असे घर मिळाले तर ते मागासलेले म्हणून नाकारू नका. सेवाग्रामच्या बापू कुटीत भर उन्हाळ्यात जाऊन बसा, म्हणजे माती, बांबू आणि कवेलू या उन्हाला कसे उत्तर देतात ते कळेल. मात्र अशा घराचे कवेलू दर वर्षी पावसाळ्याआधी फेरावे, म्हणजे काढून पुन्हा नीट लावावे लागतात, वाळवीवर लक्ष ठेवावे लागते आणि वानरांच्या टोळ्या छपरावरून उड्या मारत गेल्या की कवेलू फुटतात. इथल्या अनेकांनी कंटाळून टिनाचे पत्रे टाकले ते याचमुळे. टिनाचे घर सर्वांत तापते. तेच मिळाले तर आतून बांबूची तट्टी आणि वरून पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) किंवा तणसाचा (भाताच्या पेंढ्याचा) थर द्यावा, पण तो थर चुलीच्या धुराड्यापासून दूर ठेवावा.

स्वतः बांधायचे असेल तर काळ्या मातीला सर्वांत जास्त मान द्या. आमच्याकडची माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, एप्रिलमध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्याच हालचालीने घराचा पाया दरवर्षी उचलला आणि खाली सोडला जातो. सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठी काळी माती पाहिलेले लोकही इथे मिस्त्रीच्या शब्दावर तीन फुटांचा पाया घालून मोकळे होतात, आणि दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. मुरूम लागेपर्यंत खोदावे. मुरूम फारच खोल असेल तर अभियंत्याच्या सल्ल्याने टोकाशी फुगवटा असलेले पाइल घेऊन त्यावर काँक्रीटची तुळई टाकावी. पायातून निघालेली काळी माती जोत्यात भरू नये, तिथे मुरूमच भरावा. ती माती फुकटची असते म्हणून कंत्राटदार नेमकी तीच भरतो, तेव्हा त्या दिवशी रजा काढून स्वतः उभे राहावे. घराभोवती उतार असलेली फरसबंदी करावी, छताचे पाणी पायाशी मुरू देऊ नये आणि पिंपळ, निलगिरी यांसारखी झाडे भिंतीपासून लांब लावावीत.

तयार घर विकत घेताना भेगा मालकाने नुकत्याच बुजवलेल्या असू शकतात. रंग ताजा असेल तर जास्त बारकाईने पाहावे. भाड्याने राहत असलेलेच घर घ्यायचे मनात असेल तर एक सोपा उपाय आहे. भेगेवर आडवी अशी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवावी आणि शेजारी भिंतीवर पेन्सिलने तारीख लिहावी. पावसाळा संपून पुन्हा उन्हाळा आला तरी काच शाबूत राहिली तर भेग जुनी व थांबलेली आहे. काच तडकली तर घर अजून हलत आहे आणि ते घेऊ नये.

यापुढचा भाग कागदपत्रांचा आहे आणि तो दोनदा वाचावा, अशी माझी विनंती आहे.

शेजारच्या गावातल्या उपकेंद्रात कोल्हापूरकडून आलेल्या एका परिचारिका ताईंनी रस्त्यालगतची दोन गुंठे जागा विकत घेतली. व्यवहार स्टॅम्प पेपरवर झाला. तो कागद मी हातात घेऊन पाहिला आहे: दोन साक्षीदारांच्या सह्या, विकणाऱ्याचा निळा अंगठा, नोटरीचा गोल शिक्का आणि मागे हाताने आखलेली चतुःसीमा; अनोळखी माणसाला तो पक्का दस्तऐवज वाटावा इतका नीटनेटका. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, ताईंचे नाव लागले, घरपट्टीच्या पावत्या त्यांच्या नावे फाटू लागल्या आणि त्यांनी विश्वासाने घर बांधले. पुढे कर्जासाठी बँकेत गेल्या तेव्हा कळले की सातबारा अजून विकणाऱ्याच्या वडिलांच्याच नावे आहे. वडील वारल्यावर वारस म्हणून बहिणींची नावे लागली, त्यांनी हिस्सा मागितला, आणि ताईंना त्याच जागेसाठी दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागले. बहिणी वाईट नव्हत्या. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींचा मुलांइतकाच हक्क आहे आणि त्यांची सही कोणी घेतलीच नव्हती.

म्हणून पक्के ध्यानात ठेवावे: नमुना 8 आणि टॅक्स पावती हा मालकीचा पुरावा नाही, तो कर कोणाकडून वसूल करायचा याची नोंद आहे. स्टॅम्पवरचा, नोटरीसमोरचा व्यवहार म्हणजे खरेदी नव्हे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदलेले खरेदीखत, इकडच्या बोलीत रजिस्ट्री, झाल्याशिवाय जागा आपली होत नाही. "आमच्या गावात असंच चालते" हे वाक्य ऐकू आले की व्यवहार तिथेच थांबवावा. स्टॅम्पवर लिहून देण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते की त्या जागेची रजिस्ट्री होऊच शकत नाही. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीचा गुंठा-दोन गुंठ्यांचा तुकडा सहसा नोंदता येत नाही. या कायद्यात वेळोवेळी सवलती दिल्या गेल्या आहेत, पण त्या आपल्या गट क्रमांकाला लागू होतात का, हे विकणाऱ्याच्या तोंडून न ऐकता तहसील कार्यालयातून लेखी घ्यावे.

सातबारा वाचताना फक्त नाव पाहून थांबू नये. इतर अधिकाराच्या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, वारसांचे हक्क असे सगळे असते. भोगवटादार वर्ग 2 असे लिहिलेले असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती जमीन घेता येत नाही, आणि भूदानात वाटलेली जमीनही अशी उघड विकता येत नाही. विदर्भात अशा जमिनी पुष्कळ आहेत. आदिवासी बांधवांची जमीन शासनाच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही, तरीही दुसऱ्याच्या नावाने ती घेण्याचे मार्ग सुचवणारे लोक यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीकडे भेटतात. त्या वाटेला जाणे बेकायदेशीर तर आहेच, पण ज्यांच्या गावात आपण राहायला आलो त्यांच्यावरचा तो अन्याय आहे. शेतजमीन घेण्यासाठी शेतकरी असावे लागते, आणि विदर्भात यासाठी 1958 चा स्वतंत्र कुळवहिवाट कायदा लागू आहे. गावाकडे शेती असेल तर तिथला सातबारा सोबत आणून ठेवावा.

गावठाणातल्या म्हणजे आबादीतल्या घराला सातबारा नसतो. तिथे मिळकत पत्रिका किंवा सनद मागावी. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन अनेक गावांत ती मिळू लागली आहे. ले-आऊटमधला प्लॉट असेल तर अकृषक आदेश आणि मंजूर नकाशा या दोन्हींच्या प्रती घेऊन, नकाशा हातात धरून प्लॉटवर उभे राहावे, कारण मुलांच्या खेळासाठी सोडलेली खुली जागाच प्लॉट म्हणून विकल्याचे प्रकार घडतात. वकिलाकडून मागच्या 30 वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. तयार घर पत्नीच्या किंवा घरातल्या स्त्रीच्याच नावे घेतल्यास 2021 पासून मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. इसार धरून 20 हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख देऊ-घेऊ नये.

सजावटीविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. गच्चीला दर मार्चमध्ये चुन्याचे दोन हात द्यावेत, पश्चिमेला मोठी काच बसवू नये, अंगणात हिरव्या जाळीचा मांडव घालावा आणि कूलरसाठी एक खिडकी बांधतानाच ठरवून ठेवावी. कूलरची हवा बाहेर जायला समोर दुसरी खिडकी नसेल तर खोलीत नुसती ओल होते. खोटे छत (फॉल्स सीलिंग) लावू नये, त्यात उंदीर होतात आणि उंदरांमागे साप येतो.

बदली झाली आणि घर विकायचे असेल तर आधी शेजाऱ्यांना विचारावे. खेड्यात बहुधा तेच घेतात आणि न विचारल्याचा राग वर्षानुवर्षे राहतो. रजिस्ट्री होऊन पूर्ण रक्कम खात्यात जमा होईपर्यंत ताबा देऊ नये. खरेदीदाराला फेरफाराचा अर्ज आपल्यादेखत पटवाऱ्याकडे म्हणजे तलाठ्याकडे द्यायला लावावा, नोटिशीची 15 दिवसांची मुदत संपल्यावर नोंद प्रमाणित झाली का ते पाहावे, आणि विजेचे मीटर व ग्रामपंचायतीचा कर या दोन्हींवरून आपले नाव निघाल्यावरच सामानाची गाडी बोलवावी.