पोटरीचा घेर आणि खुर्चीवरून पाच वेळा उठणे

वजनकाट्यावर विसंबू नका. वय वाढते तसे स्नायू झडतात आणि बऱ्याचदा त्यांची जागा चरबी घेते, म्हणून काटा तोच आकडा दाखवत राहतो. या झिजेला सार्कोपेनिया म्हणतात. तिची पहिली चाचपणी घरी शिंप्याच्या टेपने आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचने होते.

आधी पोटरी. घरातल्या वयस्कर माणसाला खुर्चीवर बसवा, तळवे जमिनीवर, गुडघे काटकोनात. टेप वर-खाली सरकवत सर्वांत जाड जागा शोधा. टेप कातडीला टेकावी, रुतू नये. दोन्ही पाय मोजून मोठा आकडा धरा. २०१९ च्या आशियाई निकषांनुसार पुरुषांत ३४ सेंटिमीटरपेक्षा कमी किंवा स्त्रियांत ३३ पेक्षा कमी घेर म्हणजे पुढची तपासणी हवी. पायाला सूज असेल तर मात्र माप फसवते. नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून पाहा. खळगा राहिला, तर हा आकडा सोडून द्या. अंगाने स्थूल माणसातही पोटरी भरलेली दिसते आणि आतला स्नायू कमीच असतो.

म्हणून खुर्चीची चाचणी जास्त बोलकी. बिनहाताची, साधारण ४५ सेंटिमीटर उंचीची टणक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. सोफा किंवा प्लास्टिकची लवणारी खुर्ची नको. हात छातीवर घडी करून पाच वेळा पूर्ण उभे राहून बसायचे, जमेल तितक्या वेगाने. ‘सुरू’ म्हणताच घड्याळ चालू, पाचव्यांदा ताठ उभे राहताच बंद. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर ताकद घटल्याची शंका घ्या. अर्धवट उठणे मोजू नका. शेजारी कुणीतरी उभे हवेच. चक्कर आली की थांबा. गुडघेदुखीमुळेही वेळ वाढतो, तेव्हा तसे शेजारी लिहून ठेवा.

दवाखान्यात हाताच्या पकडीचे यंत्र असेल, तर पुरुषांत २८ किलोपेक्षा कमी आणि स्त्रियांत १८ पेक्षा कमी पकड कमजोर धरतात. स्नायूंचे प्रमाण डेक्सा (क्ष-किरणांनी होणारी) किंवा बीआयए (अंगातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडून होणारी) तपासणीत कळते.

पाच किलो पिठाची पिशवी उचलणे, दहा पायऱ्या चढणे जड जाते का, वर्षभरात किती वेळा पडणे झाले, हेही डॉक्टरांना सांगा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजताना खुर्ची तीच घ्या. उंची बदलली की सेकंदही बदलतात.