२०२२ सालचं ब्रिटन लक्षात कसं ठेवायचं

सगळं वर्ष पाठ करत बसू नका, आधी सप्टेंबर पकडा. ६ तारखेला लिझ ट्रस स्कॉटलंडमधल्या बालमोरल या राजघराण्याच्या वाड्यावर राणीला भेटून पंतप्रधान झाल्या आणि दोनच दिवसांनी, ८ ला, तिथेच राणी एलिझाबेथ गेल्या. त्या भेटीचा फोटो एकदा बघाच, राणीच्या हातात काठी, चेहऱ्यावर हसू, कोणाला वाटलं असतं! मग १९ ला अंत्यसंस्कार, २३ ला अर्थमंत्री क्वार्टेंगचं ते मिनी-बजेट, टॅक्स कमी करणार म्हणाले पण पैसा कुठून आणणार याचा पत्ता नाही, म्हणून पौंड धाडकन आपटला. आता मागे जा, ७ जुलै, ट्रसच्या आधीचे पंतप्रधान जॉन्सन यांचा राजीनामा जाहीर. पुढे जा, २० ऑक्टोबरला ट्रसचा राजीनामा, २५ ला सुनक पंतप्रधान. तारखा कागदावर उतरवा, माझा तरी त्याशिवाय गोंधळच होतो. जूनमधली प्लॅटिनम ज्युबिली, म्हणजे राणीच्या गादीवरच्या सत्तर वर्षांचा सोहळा, शेवटी लिहा, ती सोपी आहे.