केंब्रिजला कॉलेजच्या बोट क्लबात कसं शिरायचं (वल्हं कधी हातात न धरलेल्यांसाठी)

दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात कोणी ना कोणी विचारतंच, दादा केंब्रिजला चाललोय, ते रोइंग करू का, वेळ जातो का, आपल्याला जमेल का. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिली गोष्ट, येत नाही म्हणून लाजायचं कारण नाही. ऑक्टोबरात टर्म सुरू झाली की कॉलेजच्या अंगणात टेबल मांडून बसलेली पोरं तुम्हाला गाठतातच, नाव लिहून घेतात, आणि नवख्यांच्या बोटीत बसणाऱ्या बहुतेकांनी आधी वल्हं पाहिलेलंही नसतं. पोहता मात्र आलं पाहिजे, टेस्ट घेतात. मी साताऱ्याकडचा, पाठीला डबा बांधून कृष्णेत पोहायला शिकलेला, त्यामुळे ते निभावलं, थंड पाण्याची सवय मात्र कृष्णेनं लावली नव्हती. सामान सुरुवातीला काही घेऊ नका, अंगाला चिकटणारे कपडे आणि जाड मोजे बास, ते क्लबचं जॅकेट वगैरे टिकलात तर घ्या, नाहीतर नोव्हेंबरात पळ काढलेल्या कितीतरी जणांच्या कपाटात ती जॅकेटं पडून आहेत.

नाव दिल्यावर लगेच एक काम करायचं, जे कोणी सांगत नाही. आपल्या क्लबची बम्प्सच्या यादीतली जागा शोधायची. का ते कळायला आधी बम्प्स समजून घ्या. कॅम नदी इतकी अरुंद की दोन बोटी शेजारी-शेजारी पळवून शर्यत लावणं अवघडच, म्हणून 1827 पासून तिथे एकामागे एक बोटी लावून सोडतात. दोन बोटींत दीड बोटीचं अंतर, म्हणजे साधारण 27 मीटर, आणि एका डिव्हिजनला, म्हणजे एका गटाला, सतरा बोटी. तोफ झाली की सगळ्या एकदम सुटतात, पुढच्याला शिवायचं आणि मागच्यानं शिवायच्या आत निसटायचं. आपली शिवाशिवीच की, फक्त बोटीतून. शिवलात की दुसऱ्या दिवशी तुम्ही एक जागा वर आणि ते एक खाली.

आता यातली खरी गोम. ही यादी दरवर्षी कोरी होत नाही. मागच्या वर्षीच्या शेवटच्या दिवशी जो क्रम होता तोच या वर्षीच्या पहिल्या दिवशी. वारीत जसा दिंडीचा रथापुढचा-रथामागचा नंबर ठरलेला असतो आणि पिढ्यान्‌पिढ्या चालतो तसंच, फक्त इथे तो शिवून हिसकावता येतो. तुम्ही कुठून सुरू करणार हे तुम्ही जन्माला यायच्या आधीच्या पोरांनी अर्धं ठरवून ठेवलेलं असतं. बोटहाऊसच्या भिंतीवर जुन्या क्रूची नावं सोनेरी अक्षरात लिहिलेली असतात ती शोभेला नाहीत, तो तुमचा हिशोब आहे. जीझस कॉलेज 1875 ते 1885 सलग अकरा वर्षं मे बम्प्समध्ये पहिल्या नंबरावर होतं, त्यांची पोरं हे आजही असं सांगतात जणू परवाचं आहे, ऐकून घ्यायचं.

मग शिकायचं काय. बोटीत आठ जण वल्हवणारे आणि एक कॉक्स. वल्हवणारे उलटे बसतात, म्हणजे बोट जाते त्या दिशेला पाठ, पुढचं काही दिसत नाही. दिसतं ते फक्त कॉक्सला, तोच सुकाणू धरतो, तोच ओरडतो. अंगानं लहान असाल आणि आवाज मोठा असेल तर कॉक्स व्हा, मनापासून सांगतो, ज्याला नदी वाचता येते त्याला क्लबात सगळ्यात जास्त मान असतो, आणि हातालाही फोड येत नाहीत. बाकीच्यांना येतात. फोडांवर लावायची चिकटपट्टी घेऊन ठेवा. एक नंबरची सीट बो, आठ नंबरची स्ट्रोक, स्ट्रोकची लय बाकी सगळ्यांनी पकडायची, आपल्या मनानं जोर लावायचा नाही. नवख्याची हमखास चूक म्हणजे वल्हं पाण्यात अडकणं, त्याला खेकडा पकडणं म्हणतात, मूठ पोटात बसते आणि क्वचित माणूस उडून पाण्यात जातो. माझा पहिला खेकडा तिसऱ्याच दिवशी. घाबरू नका, सगळ्यांचा असतो. अर्ग म्हणून एक मशीन आहे, जिमवालं, त्याच्यावर तासन्‌तास घाम गाळायला लावतील, त्याच्याबद्दल मला काही चांगलं बोलायचं नाहीये.

ऑक्टोबर-डिसेंबरच्या टर्मला मायकलमस म्हणतात, त्यात नवख्यांच्या छोट्या शर्यती असतात, आणि शेवटाला फेअरबेर्न, ही मात्र लांब असते आणि डिसेंबरच्या गारठ्यात. स्टीव्ह फेअरबेर्न हा जीझसचा ऑस्ट्रेलियन, फार मोठा कोच, त्यानंच लंडनची हेड ऑफ द रिव्हर ही शर्यत 1926 ला सुरू केली. मग फेब्रुवारी-मार्चला लेंट बम्प्स, आणि जूनला मे बम्प्स. हो, मे बम्प्स जूनमध्ये. कोणी ही चूक सुधारत नाही, तुम्हीही सुधारायला जाऊ नका, आणि घरच्यांना तिकीट काढून देताना तेवढं लक्षात ठेवा, आमच्या एका मित्राचे आईवडील मे महिन्यात येऊन रिकामी नदी बघून गेले.

बम्प्सच्या दिवशी काय होतं ते नीट सांगतो, कारण पहिल्यांदा डोकं चालत नाही. चार मिनिटं आधी एक तोफ, एक मिनिट आधी दुसरी, तिसरीला सुटायचं. काठाला बांधलेल्या साखळीचं टोक कॉक्सच्या हातात असतं, माणूस काठीनं बोट पाण्यात ढकलून साखळी ताणून धरतो, तोफेबरोबर कॉक्सनं ती सोडायची. मधली ती शेवटची मिनिटभराची शांतता, परीक्षेच्या हॉलमध्येसुद्धा एवढी नसते. सुटल्यावर काठावरून सायकलवर आपला कोच शिट्टी वाजवत पळतो. साधारण एक शिट्टी म्हणजे पुढची बोट एक बोटभर अंतरावर, दोन म्हणजे अर्धी, तीन म्हणजे पाव, मग सलग वाजायला लागली की आता शिवणारच. तुम्हाला मागचं दिसतं, पुढचं नाही, म्हणून शिट्टीवरच विश्वास ठेवायचा. वळून बघायचं नाही, वळून बघणारा खेकडा पकडतो.

शिवलं की पुढच्या कॉक्सनं हात वर करायचा, आणि दोन्ही बोटींनी लगेच कडेला व्हायचं, मागून बोटी येतायत. हात वर दिसला की वल्हवणं थांबवायचं, मग कितीही जोशात असा. हे गंमतीत घेऊ नका. 1888 मध्ये क्लेअर कॉलेजच्या एका खेळाडूचा मागून आलेल्या बोटीचं टोक लागून जीव गेला, त्यानंतरच बोटीच्या टोकाला रबरी चेंडू बसवायला लागले, आज कुठेही रेसिंग बोट बघा, टोकाला तो पांढरा चेंडू असतोच.

ज्यांनी शिवलं ती बोट काठावरच्या विलोच्या झाडाची डहाळी तोडून डोक्यात खोचून परत येते. शर्यतीचे चारही दिवस शिवलात तर ब्लेड्स, म्हणजे क्लबच्या रंगात नावं रंगवलेलं अख्खं वल्हं, आणि कॉक्स झेंडा धरून घरी येतो. वल्ह्याचे पैसे बहुतेक वेळा आपल्याच खिशातून जातात, आणि बारा फुटी वल्हं पुण्याच्या फ्लॅटमध्ये कुठे लावायचं हा वेगळाच प्रश्न. उलट चारही दिवस मार खाल्लात तर स्पून्स, लाकडी चमचा. कोणी पहिल्या नंबरावर संपलं तर त्या कॉलेजात जुनी लाकडी बोट जाळून तिच्यावरून उड्या मारायची प्रथा आहे. होळीवरून उडी मारलेली असेल तर फार वेगळं नाही.

नावांचंही एक आहे. सगळ्या क्लबांचं नाव कॉलेजचंच नसतं. सेंट जॉन्सचा क्लब म्हणजे लेडी मार्गरेट बोट क्लब, 1825 चा, कॉलेजच्या संस्थापक बाईंच्या नावावरून, आणि त्यांच्या भडक लाल कोटांवरूनच ब्लेझर हा शब्द आला असं मानतात. आपण लग्नात घालतो तो ब्लेझर. सेंट जॉन्स म्हणजे आपल्या रँग्लर परांजप्यांचं कॉलेज, 1899 ला ते सीनियर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, हे तिथल्या पोरांना सांगा, त्यांना माहीत नसतं. ट्रिनिटीचा क्लब फर्स्ट अँड थर्ड, दोन क्लब 1946 ला एक झाले म्हणून, सेकंड कुठे गेला असं विचारून माझं हसं झालं होतं, तो त्याच्याही कितीतरी आधी बंद पडला होता. मुलींनो, न्यूनहॅमचा क्लब 1893 पासूनचा आहे, पण मे बम्प्समध्ये बायकांच्या बोटी यायला 1970 चं दशक उजाडलं, आणि आठ जणींच्या बोटी तर 1990 पासून. म्हणजे काही मुलींच्या क्लबांची भिंत अजून निम्मी रिकामी आहे, तिथे नाव लिहायला जागा आहे असं समजा.

बघायला येणाऱ्या घरच्यांना फेन डिटन गावाला बसवा, नदीच्या वळणावर, शनिवारी, तिथे प्लाऊ नावाचा पब आहे आणि बोटी आपटायची ती हमखास जागा. छत्री आणि पोळीचा रोल बरोबर द्या.

आणि ज्यांचं केंब्रिज राहून गेलं त्यांनी पुण्यात सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या रेगाटाला, म्हणजे नावांच्या सोहळ्याला, जाऊन बघा, 1928 पासून मुळा नदीत चालू आहे, तिथलं वातावरण वेगळं पण नावेवरचा जीव तोच.

आम्हाला काय मिळालं विचाराल तर स्पून्स. चार दिवस, चार जागा खाली, चौथ्या दिवशी तर दुसऱ्या मिनिटालाच. आमच्या नंतरच्या पोरांना तिथूनच सुरू करावं लागलं. दोन वर्षांनी आमच्या त्या वेळच्या कॉक्सचा मेसेज आला, तीन जागा परत आणल्या, एक राहिलीय, जूनला बघू.