क्रॉस कंट्रीचे तास भरताना या चुका टाळा

मनमाड दिसलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. जळगावहून ओझरकडे क्रॉस कंट्रीला, म्हणजे एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळापर्यंतच्या उड्डाणाला, निघून पाऊण तास झाला होता. खाली रेल्वेचं यार्ड, मालगाड्यांच्या रांगा. मी नाशिकरोडची, मनमाड ओळखायला मला नकाशा लागत नाही. आता रूळ धरायचे, निफाड येईल, मग ओझर. विमानात मी एकटीच होते आणि घर जवळ आलं होतं.

खरं तर मनमाड माझ्या वाटेवर यायलाच नको होतं. जळगाव ते ओझर सरळ रेघ ओढली तर ती चांदवडजवळून जाते. मनमाड तिच्या दक्षिणेला सात-आठ नॉटिकल मैलांवर राहतं, म्हणजे ते डाव्या पंखाखाली लांबवर दिसायला हवं. ते नाकासमोर आलं, तरी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. रूळ दिसले ते मी धरले. पण मनमाडहून एक फाटा दक्षिणेलाही जातो आणि पुढे अंकाईला त्याचे दोन होतात, एक दौंडकडे, एक संभाजीनगरकडे. मी नेमका तोच धरला होता. समोर हडबीची शेंडी आणि अंकाई-टंकाईची जोडी उभी राहिली, तेव्हा कुठे मी हेडिंगकडे, म्हणजे विमानाच्या नाकाच्या दिशेकडे, पाहिलं. २४३ अंशांच्या आसपास हवं होतं, मी जवळपास दक्षिणेला चालले होते. तसंच पुढे गेले असते तर कोपरगाव आणि मग शिर्डी विमानतळ, जिथे प्रवासी विमानांची ये-जा असते.

सीपीएलसाठी, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या परवान्यासाठी, २०० तास लागतात, त्यातले १०० पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर असताना. इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी (उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता) पायलट-इन-कमांड म्हणून ५० तास क्रॉस कंट्री. हे ५० तास भरताना माझ्या आणि माझ्या बॅचमेट्सच्या ज्या चुका झाल्या, त्या इथे लिहिते आहे. नाशिक, जळगाव, धुळे या पट्ट्यात उडणाऱ्या मुलामुलींना त्या आधीच कळाव्यात, एवढ्यासाठी.

वारा शून्य धरणे

त्या दिवशी वारा ३०० अंशांवरून साधारण १२ नॉट होता. निघायची घाई होती, म्हणून फ्लाइट लॉगमध्ये मी नो-विंड हेडिंगच ठेवलं. १०५ नॉटने जाणाऱ्या सेसना १७२ ला एवढा वारा पाच-सहा अंश डावीकडे ढकलतो. साठ मैल गेल्यावर दर एका अंशाच्या चुकीमागे एक मैल सरकतो, हा हिशेब सगळ्यांना पाठ असतो. मनमाड पंचाहत्तर मैलांवर आहे. सहा अंश चूक म्हणजे तिथे साडेसात मैल. मी अगदी हिशेबाप्रमाणे चुकले होते.

वाईट याचं वाटतं की खूण आधीच मिळाली होती. गिरणा धरण माझ्या रेघेच्या किंचित डावीकडे यायला हवं होतं, ते उजवीकडे दिसलं. मी मनाशी म्हटलं, असेल, वळसा मोठा असेल धरणाचा. जमीन एक सांगत होती आणि मी तिचं म्हणणं माझ्या समजुतीत बसवत होते. तुमच्याकडून हेच होतंय असं वाटलं तर सावध व्हा. पहिला चेकपॉइंट, म्हणजे नकाशाशी ताडायची खूण, दहा-पंधरा मिनिटांच्या आत ठेवा. किती मैल गेलो आणि रेघेपासून किती सरकलो, यावरून तिथेच हेडिंग दुरुस्त करा. रूळ किंवा रस्ता धरण्याआधी त्याची दिशा कंपासशी ताडून पाहा. रस्त्यांच्या बाबतीत तर जास्तच, कारण जुन्या नकाशांवर समृद्धी महामार्ग नाही आणि वरून सगळ्यात ठळक तोच दिसतो.

पाण्यावर भरवसा ठेवतानाही विचार करा. नोव्हेंबरात भरलेलं धरण मे महिन्यात निम्मं आटलेलं असतं, आकारच ओळखू येत नाही. चांदवड, येवला, निफाडकडे तर शेततळी इतकी आहेत की उन्हात सगळा पट्टा चमकतो. आमच्यातल्या एकाने अशाच एका मोठ्या शेततळ्याला पाझर तलाव समजून वळण घेतलं होतं. भिंत, नदी आणि गाव या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच ते धरण तुमचं.

हरवलो हे कबूल करायला उशीर लावणे

अंकाईपाशी माझे हात गार पडले होते. पहिला विचार कोणता आला असेल तर हा, की कोणाला कळायच्या आत वाटेवर यावं. या विचारात दोन मिनिटं गेली. मग उंची घेतली, रेडिओवर सांगितलं की मी विद्यार्थी पायलट आहे, एकटी आहे, मार्गावरून दक्षिणेला सरकले आहे आणि अंकाई किल्ला दिसतो आहे. पलीकडून शांतपणे हेडिंग मिळालं. कोणी रागावलं नाही. उतरल्यावर सरांना फोन केला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "कितव्या मिनिटाला बोललीस गं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "पुढच्या वेळी पहिल्याच मिनिटाला."

कोणाशीच संपर्क होत नसेल तर आणीबाणीची १२१.५ आहे. ही फ्रिक्वेन्सी आपल्यासाठीच आहे, ती वापरायचा संकोच करू नका.

उंची फक्त नियमात बसवणे

जळगावहून ओझरकडे येताना पश्चिमेची दिशा, म्हणून व्हीएफआरला (बाहेर बघत उडण्याचे नियम) सम हजार अधिक ५०० फूट. वहीत ४,५०० नीट बसतात. पण चांदवडच्या रांगेत इंद्राईचा माथाच जवळपास तेवढा आहे. उत्तरेला साल्हेर ५,१४१ फूट, इगतपुरीकडे कळसूबाई ५,४००. ही वाट ६,५०० नेच उडा.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट. ओझरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे. तिथे ४० अंश तापमान असेल तर डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणामुळे विमानाला जाणवणारी उंची) निघते ५,४०० च्या आसपास. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी तुमचं विमान कळसूबाईच्या माथ्यावरून टेकऑफ घेतल्यासारखं वागणार. धावायला जास्त धावपट्टी लागणार आणि क्लाइंब मंदावणार. आकडे काढल्याशिवाय निघू नका. शक्यतो सकाळीच उडा. त्याच उन्हात डॅशवरचा टॅबलेट तापून बंद पडतो, म्हणून कागदी नकाशा मांडीवर हवाच.

वेळेची गफलत

नोटॅम (पायलटसाठीची अधिकृत सूचना) यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतो. त्यात ०३३० दिसलं की आपल्याकडे सकाळचे नऊ. ओझर हा एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) विमानतळ आहे, तिथे सुखोई उडतात, वेळा बदलतात, आणि उतरायची परवानगी आधी घ्यावी लागते. उड्डाणासाठीचे एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) नंबर घेऊन ठेवले आणि नंतर निघायला उशीर झाला, तर ते अजून चालतात का हे पुन्हा विचारून घ्या.

तिथे गेल्यावर इंधन भरू, हे गृहीत धरणे

आपल्याकडच्या बऱ्याच विमानतळांवर जेटचं इंधन मिळतं, ॲव्हगॅस (आपल्या पिस्टन विमानांचं पेट्रोल) मिळत नाही. परतीचं इंधन घेऊनच निघा. टाकीत डिपस्टिक स्वतः बुडवून पाहा, गेजवर विसंबू नका. दिवसाच्या व्हीएफआरला ३० मिनिटांचं राखीव इंधन नियमात पुरतं, पण मी आता तासाभराचं ठेवते.

३०० मैलांचा घोळ

सीपीएलसाठी किमान ३०० नॉटिकल मैलांची एक फ्लाइट लागते, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर फुल स्टॉप लँडिंग. टच अँड गो, म्हणजे चाकं टेकवून लगेच पुन्हा उडणं, चालत नाही. जळगाव–ओझर–संभाजीनगर–जळगाव हा त्रिकोण नकाशावर भलामोठा वाटतो, पण मोजला तर २६० च्या आसपासच भरतो. एवढं उडून आल्यावर ती फ्लाइट धरली जात नाही हे कळलं, तर पैसेही गेले आणि हवेचा चांगला दिवसही. मार्ग ३२० च्या वर धरा आणि प्रत्येक टप्पा चार्टवर स्वतः मोजा.

आता लॉगबुक. पावसाळ्यात तास भरत नाहीत, मग दिवाळीनंतर सगळ्यांचीच घाई उडते. घरून फोनवर रोज एकच प्रश्न, किती झाले? त्या घाईत नोंदी राहतात आणि आठवड्याने आठवून लिहिल्या जातात. १ तास १८ मिनिटांचे दशांशात १.३ होतात, १.१८ नाही. माझ्या रूममेटच्या वहीत हा फरक बारा पानं तसाच पुढे गेला होता. शेवटी दोघी रात्री दोनपर्यंत विमानाच्या टेक लॉगशी (विमानाची स्वतःची नोंदवही) एकेक ओळ ताडत बसलो. तेव्हापासून आम्ही विमान दोरांनी बांधून झालं की हँगरमध्येच, हात पुसून, पहिली नोंद करतो आणि एकमेकींची बेरीज तपासतो.