मोटर लावलेल्या सायकलचं क्लच बेअरिंग गेलंय? आधी कुठलं गेलंय ते ओळखा

सायकलच्या फ्रेममध्ये बसवतात ना ते छोटं टू-स्ट्रोक किट इंजिन, त्याच्या क्लचमधून घरघर यायला लागली की जो तो सरळ सांगतो बेअरिंग गेलं, बदलून टाक. पण कुठलं? क्लचच्या वाटेवर फिरणाऱ्या किंवा दाब झेलणाऱ्या तीन वेगळ्या जागा आहेत, तिन्हीचं दुखणं वेगळं आणि काम पण वेगळं. मी पहिल्यांदा सगळं खोलून शाफ्टची दोन्ही बेअरिंग बदलली, परत बांधलं, चालू केलं आणि आवाज जसाच्या तसा. दोन दिवस गेले. म्हणून खोलायच्या आधीचा भाग इथे जरा जास्त लिहितोय, तो खरंच नीट वाचा.

आधी रचना डोक्यात बसवा. उजव्या बाजूच्या कव्हरखाली क्रँकचा छोटा गिअर आणि क्लचचा मोठा गिअर असतो, बहुतेक किटमध्ये २० आणि ८२ दात, म्हणजे इंजिन साधारण चार वेळा फिरलं की मोठा गिअर एकदा. मोठ्या गिअरमध्ये क्लच पॅड बसतात, मधे हब असतो, तो हब शाफ्टवर घट्ट. शाफ्ट इंजिनमधून आरपार डाव्या बाजूला येतो, तिथे चेनचा छोटा स्प्रॉकेट. आता पहिली जागा म्हणजे मोठा गिअर आणि हब यांच्या मधले छरे, बऱ्याच इंजिनात ते सुटेच असतात, काहीत पिंजऱ्यात. दुसरी जागा शाफ्टची स्वतःची बेअरिंग. तिसरी जागा डाव्या कव्हरमागे, तिथे लिव्हरचा कॅम एका आखूड पिनला ढकलतो, पिन एका छऱ्याला, छरा लांब पुशरॉडला, आणि पुशरॉड शाफ्टच्या पोकळीतून पलीकडे जाऊन प्रेशर प्लेट, म्हणजे पॅडना दाबून धरणारी चकती, उचलतो. हा एकटा छरा सगळा दाब खातो.

आता कान लावून ऐका. हँडलवरचा क्लचचा लिव्हर सोडलेला असताना, म्हणजे इंजिन चाकाला जोडलेलं असताना, मोठा गिअर आणि हब एकत्रच फिरतात, त्यामुळे त्यांच्या मधले छरे अजिबात फिरत नाहीत. ते फिरतात फक्त लिव्हर दाबल्यावर. मग सायकल उभी करा, इंजिन आयडलवर ठेवा, लिव्हर दाबून धरा. चाक थांबलेलं, शाफ्ट थांबलेला, तरी उजवीकडून घरघर येतेय तर तो आवाज गिअरच्या छऱ्यांचा, दुसरं तिथे नवीन फिरायला लागलेलं काहीच नाही. उलट लिव्हर दाबल्यावर शांत आणि चालवताना वेगाबरोबर वाढणारी गुरगुर असेल तर शाफ्टची बेअरिंग बघा. खात्री करायची तर इंजिन बंद करा, चेन काढा, डावीकडचा स्प्रॉकेट दोन बोटांनी धरून वर-खाली हलवा, तिथे जाणवण्याएवढा प्ले, म्हणजे ढिलेपणा, नको. आणि आवाज काहीच नाही पण केबल कितीही ताणली तरी क्लच सुटत नाही, म्हणजे इंजिन चाकापासून वेगळं होत नाही, असं असेल तर तिसरी जागा. छरा झिजलेला, किंवा पुशरॉडचं टोक अळंबीसारखं पसरलेलं, किंवा छरा मागच्या वेळी कुणीतरी कव्हर काढताना पडून हरवलेला. हे फार वेळा होतं कारण कव्हर काढलं की पिन आणि छरा आपसूक बाहेर घरंगळतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

तिसऱ्याचं काम सोपं. खाली ट्रे ठेवून डावं कव्हर काढा, पिन, छरा, रॉड बाहेर घ्या. रॉडचं पसरलेलं टोक घासून सरळ करा, फार आखूड झाला असेल तर नवीन टाका. छरा त्याच मापाचा आणि कडक स्टीलचा हवा, त्याच्यावर कानस फिरवून बघा, घसरली पाहिजे, ओरखडा पडला तर तो छरा इथे चालणार नाही. भरपूर ग्रीस लावून आधी रॉड, मग छरा, मग पिन, आणि कव्हर.

आता मुख्य काम, गिअरचे छरे. इंजिन पूर्ण गार होऊ द्या आणि प्लगची कॅप काढून ठेवा, हात गिअरमध्ये असताना चाक चुकून फिरलं तर बोट जाईल. उजव्या कव्हरचे स्क्रू मऊ असतात, पेचकस दाबून धरूनच फिरवा, खाच गेली तर नंतर ड्रिल करावं लागतं. कव्हर निघालं की मधे फुलासारखा खाचांचा नट दिसेल, त्याला अडवणारा छोटा स्क्रू आधी काढा. नटची जागा मार्करने खूण करून फोटो घ्या. मग नट, प्रेशर प्लेट, स्प्रिंग, पॅड. पॅडला तेलकट हात लावू नका.

हबचा नट सोडायचा असतो तेव्हा चेन अजून काढू नका, तपासायला काढली असेल तर परत लावा! चेन लावलेली असली की शाफ्ट मागच्या चाकाला बांधलेला असतो, कुणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा आणि नट सोडा. मग किटबरोबर आलेला पुलर (हब ओढून काढायचं हत्यार) हबच्या आट्यांमध्ये शेवटपर्यंत हाताने बसवा, दोन-तीन आटेच धरले तर ते सोलून निघतात आणि मग हब काढायला काही उरत नाही. पूर्ण बसल्यावरच मधला बोल्ट घट्ट करत न्या. हटत नसेल तर बोल्टच्या डोक्यावर हातोडीची एक छोटी थाप, परत थोडं घट्ट. स्क्रू ड्रायव्हर मागे घालून उचकटू नका, केस अॅल्युमिनियमची आहे.

हब सुटतो त्या क्षणी छरे सांडतात. खाली मोठा ट्रे, त्यात कापड, म्हणजे उड्या मारणार नाहीत. सगळे गोळा करा, मोजा, आकडा लिहून ठेवा. चुंबकाने उचलू नका, छऱ्यात चुंबकत्व राहतं आणि मग ते लोखंडाची धूळ धरून बसतात. शाफ्टवरची अर्धगोल की, म्हणजे हबला शाफ्टवर घसरू न देणारा छोटा तुकडा, ती पण जपून ठेवा.

आता एक छरा पुसून उजेडात फिरवा. चांगला छरा आरशासारखा दिसतो, गेलेल्यावर राखाडी डाग किंवा टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. मग छरे फिरतात ती खाच बघा, तिच्यावरून नख फिरवा. माझ्या गिअरच्या खाचेत एकसारख्या अंतरावर बारीक खळगे होते, नख प्रत्येक खळग्यात टक् करून अडकायचं. कारण तेच, चालवताना हे छरे फिरत नाहीत, एकाच जागी बसून इंजिनची थरथर खातात, त्यातून ग्रीस निघून गेलं की स्टील स्टीलवर ठोकलं जातं. खाच अशी झाली असेल तर नुसते छरे बदलून उपयोग नाही, काही दिवसात नवीनही जातात, गिअर आणि हब बदला. खाच गुळगुळीत असेल तर छरे बदला, पण सगळे एकदम. जुन्यात दोन-चार नवीन मिसळले तर नवीन केसभर मोठे असतात आणि सगळा भार त्यांच्यावरच येतो. व्हर्नियरने चांगल्यातला चांगला जुना छरा मोजा आणि त्याच मापाचे बेअरिंग स्टीलचे घ्या.

बसवताना खाचेत घट्ट ग्रीसचा पातळ थर द्या, छरे त्यात चिकटवत जा, मोजलेला आकडा भरला की थोडी फट उरली पाहिजे, ठासून बसले तर फिरणार नाहीत. ग्रीस छऱ्यांच्या मधे पुरेल एवढंच. जास्त भरलं की फिरताना बाहेर फेकलं जातं, पॅडवर येतं आणि क्लच घसरायला लागतो, हा क्लच कोरडा असतो. पॅडला लागलंच तर ब्रेक क्लीनरने धुऊन पॉलिश पेपरवर हलकं घासा.

शाफ्टचं बेअरिंग असेल तर जुन्यावरचा नंबर वाचून तेच आणा. शेवटचे दोन आकडे आतलं भोक सांगतात, ०० म्हणजे १० मिमी, ०१ ला १२, ०२ ला १५, ०३ ला १७, ०४ पासून पुढे पाचाने गुणा. उदाहरणार्थ ६२०२ म्हणजे आत १५, बाहेर ३५, रुंदी ११ मिमी. काढायच्या आधी सर्कलिप, म्हणजे बेअरिंगला अडवणारी स्प्रिंगची कडी, आहे का बघा. हातोडीने ठोकून बसवू नका. बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, केस हीट गनने साधारण १०० अंशांपर्यंत तापवा, जवळचं रबर सील आधी काढून. अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, ३५ मिमीचं भोक तेवढ्याने ०.०६ मिमी मोठं होतं आणि बेअरिंग जवळजवळ आपोआप आत उतरतं. थोडं ढकलावं लागलंच तर केसमध्ये बसवताना फक्त बाहेरच्या रिंगवर दाब द्या, शाफ्टवर बसवताना फक्त आतल्या. उलटं केलंत तर नवीन बेअरिंगचे छरे बसवतानाच खाचेत ठसे उमटवतात.

सगळं परत चढवल्यावर फुलनट आधीच्या खुणेवर आणा. क्लच घसरतोय तर एक खाच घट्ट, नीट सुटत नाही तर एक खाच सैल, एका वेळी एकच खाच, आणि तो छोटा स्क्रू परत लावायला विसरू नका, तो नसेल तर नट सुटत जातो. लिव्हरला २-३ मिमी मोकळी चाल ठेवा, नाहीतर पुशरॉड कायम दाबलेला राहतो आणि तो डावीकडचा छरा पटकन झिजतो. चेन १२-१५ मिमी ढिली हवी, चेन फार ताणलेली असणं हे स्प्रॉकेटकडचं बेअरिंग जायचं सगळ्यात नेहमीचं कारण मी बघितलंय.

यापुढे थांबल्यावर बराच वेळ लिव्हर दाबून ठेवू नका, इंजिन बंद करा, आणि लिव्हर अडकवून पेडल मारत लांब जायची सवय असेल तर ती पण कमी करा, त्या सगळ्या वेळी तेच छरे फिरत असतात. पहिल्या तासाभराच्या फेरीनंतर उजवं कव्हर एकदा उघडून ग्रीस बोटावर घ्या. नुसतं काळं पडलेलं असेल तर ठीक आहे, त्यात उन्हात चमचमणारी चंदेरी पूड दिसली तर परत खोला, काहीतरी अजून घासतंय.